गाडीची खालची बाजू

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे आधी तिची पूजा होते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, आरशांना झेंडूच्या माळा पडतात, नारळ फुटतो, घरातली वडीलधारी बाई भाकरतुकडा ओवाळून टाकते. चारही चाकांखाली लिंबे ठेवली जातात. या साऱ्या सोहळ्यात गाडीच्या खाली जाते ते एवढे लिंबूच, आणि तेही चिरडण्यासाठी. पुढे दहा-पंधरा वर्षे मालक ती गाडी पुसतो, धुतो, तिच्यावर ओरखडा पडला तर शेजाऱ्याशी भांडतो. पण जमिनीला गाल टेकवून ती खालून कशी दिसते हे पाहणारा मालक विरळाच.

मग एके दिवशी खालून आवाज येऊ लागतो. आधी गतिरोधक ओलांडताना नुसते ‘खट्’ होते. मग वेग साठच्या पुढे गेला की फडफड ऐकू येते, आणि एखाद्या मोठ्या खड्ड्यानंतर सरळ फरफट सुरू होते. गाडीतले चौघे चार निदाने करतात. एकाला वाटते चाकात फांदी अडकली, दुसऱ्याला सायलेन्सर सुटल्याचा संशय येतो, तिसरा ‘चेंबर फुटला’ म्हणून मोकळा होतो आणि चौथा रेडिओचा आवाज वाढवा म्हणतो. खाली वाकून पाहावे तर अनेकदा यातले काहीच झालेले नसते. इंजिनाच्या पोटाखाली बसवलेला एक प्लास्टिकचा पत्रा दोन बोल्टांवर लोंबत असतो.

या लोंबत्या पत्र्यावर रविवारच्या पुरवणीचे पान खर्ची घालावे असे त्यात काय आहे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. माझे म्हणणे असे की त्याच्या निमित्ताने आपले रस्ते, आपला कायदा, विमा, मोटार कंपन्यांचा व्यापार आणि लिंबाच्या झाडाखाली गॅरेज चालवणारा मिस्त्री, हे सगळे एका ओळीत येऊन उभे राहतात. त्या ओळीत गाडीच्या खाली पाहणारा एकच निघतो. तो शेवटचा.

पत्रा कशासाठी?

या भागाला कंपनीच्या पुस्तकात ‘अंडरकव्हर’ किंवा ‘स्प्लॅश शील्ड’ म्हणतात. गॅरेजात कोणी त्याला गार्ड म्हणते, कोणी ट्रे. जुने मिस्त्री तो प्लास्टिकचा असला तरी पत्राच म्हणतात. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेपासून इंजिनाच्या खालपर्यंत तो पसरलेला असतो. काही बोल्ट, काही स्क्रू आणि बऱ्याचशा प्लास्टिकच्या दाबक्लिपा एवढ्यावर त्याचा संसार चालतो. चाकांच्या वरच्या कमानीत आतून बसवलेले अस्तर हा त्याचाच भाऊ. आणि सायलेन्सरच्या नळीजवळ, उष्णता वर जाऊ नये म्हणून लावलेला पातळ धातूचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, हा चुलतभाऊ.

त्याचे काम दिसत नाही म्हणून ते क्षुल्लक ठरत नाही. चाकांनी उडवलेले पाणी, चिखल आणि खडी तो इंजिनाच्या पट्ट्यांपासून आणि विजेच्या जोडण्यांपासून दूर ठेवतो. गाडीखालून जाणाऱ्या वाऱ्याला तो सरळ वाट देतो, त्यामुळे आवाज कमी होतो, थोडे इंधन वाचते आणि अनेक गाड्यांत रेडिएटरमधून हवा नीट खेचली जाते. त्यामुळे ‘कटकट नको, काढून टाका तो पत्रा’ हा सल्ला देणारा माणूस आवाज बंद करतो, आजार नव्हे. पहिल्या पावसाळ्यात बेल्ट चिखलाने किंचाळू लागला की त्या सल्ल्याची किंमत कळते.

आमच्या भागात काहीजण कंपनीचा प्लास्टिकचा गार्ड काढून लोखंडी गार्ड ठोकून घेतात. उसाच्या फडात आणि माळरानावर रोज जाणाऱ्याला तो उपयोगी पडतो, यात वाद नाही. पण त्याने गाडीचे वजन वाढते, त्याच्या आत चिखल साचून राहतो, आणि दगडाचा जो मार प्लास्टिक स्वतः फाटून पचवते तो मार लोखंड सरळ ज्या सांगाड्याला बांधले आहे त्याला पोचवते. शिवाय तेलाची गळती त्याच्यावर साचते आणि जमिनीवर डाग पडेपर्यंत कोणाला कळत नाही.

बीडचे रस्ते, बीडच्या गाड्या

आमचा जिल्हा रस्त्यावर जगणारा आहे. परळीला रेल्वे जुनी. पण जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीड शहराला प्रवासी रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरच्या दिशेने. तोवर लग्नाला, दवाखान्याला, कोर्टाला, बाजाराला जायचे ते एसटीने, जीपने किंवा मोटारीने. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे गोदावरीकाठची काळी जमीन, दक्षिणेला पाटोदा-धारूरकडे बालाघाटचा दगड. एकीकडे पावसाळ्यात रस्ता खाली खचतो, दुसरीकडे बारा महिने खडी वर येते. मधून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. तो गुळगुळीत आहे; पण महामार्गावरून उतरून गावाच्या वाटेला लागले की गाडीच्या पोटाची परीक्षा सुरू होते.

या परीक्षेतला पहिला पेपर गतिरोधकाचा. भारतीय रस्ते काँग्रेसने गतिरोधकाचे माप १९८८ सालीच ठरवून दिले आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, माथा गोलाकार, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जावी. आता आपल्या गावाच्या वेशीतला गतिरोधक डोळ्यांपुढे आणा. उंची कदाचित तेवढीच किंवा जास्त, पण रुंदी हातभर. लहान मोटारीचे पोट रिकामेपणी जमिनीपासून साधारण १६ ते १७ सेंटिमीटर वर असते. त्यात पाच माणसे, मागे तांदळाचे कट्टे आणि लेकीला द्यायचे रुखवत भरले की ते आणखी खाली येते. रुंद उंचवट्यावरून चाके हळूहळू चढतात आणि पोटही त्यांच्याबरोबर वर जाते. अरुंद उंचवट्यावर मात्र पुढची चाके उतरून खाली दबतात आणि उंचवटा नेमका पोटाखाली येतो. ‘खट्’ आवाज येतो तो तिथे.

दुसरा पेपर पाण्याचा. आमच्याकडे ओढ्यांवर अजून बरेच फरशी पूल आहेत. फरशीवरून वीतभर पाणी वाहत असताना गाडी जोरात घातली की पाण्याचा सगळा रेटा त्या पत्र्याच्या पुढच्या कडेवर येतो. क्लिपा हवा आणि धूळ सोसण्यासाठी केलेल्या असतात, ओढा अडवण्यासाठी नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांनी पात्रे सोडली. अशा पुरातून गेलेली गाडी पाणी ओसरल्यावर चालू झाली म्हणजे सुटली असे नव्हे. तिची खालची बाजू मुद्दाम पाहावी लागते.

तिसरा पेपर गाळपाच्या हंगामात. दसऱ्यानंतर जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉलीतून पडलेला ऊस रात्री दिव्यांच्या उजेडात काठीसारखा दिसतो. चाकाखाली येऊन तो उसळला की भाल्यासारखा पत्र्यात शिरतो. त्याच दिवसांत पाचटाच्या काड्या, कडब्याची पाने ढिल्या पत्र्याच्या फटीत भरतात. आजच्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि चालत्या गाडीत तो काही शे अंश तापतो. सुके पाचट आणि तापलेला कन्व्हर्टर यांच्या मधे नीट बसवलेले पत्रे असतात म्हणून आपण निर्धास्त असतो. ते सुटले की शेताच्या बांधावर सुक्या गवतात गाडी उभी करणे म्हणजे चुलीशेजारी गंजी रचण्यासारखे.

चौथे कारण मात्र रस्त्यावर नसते, ते सर्व्हिसिंगमध्ये असते. बऱ्याच गाड्यांत तेल बदलायचे तर हा पत्रा काढावा लागतो. दहा क्लिपा निघतात, त्यांतल्या दोन तुटतात, एक घरंगळून जाते. घाई असते, सातच परत बसतात. पुढच्या वेळी पाच. गाडी बाहेर पडते तेव्हा ती धुतलेली, चकचकीत असते आणि आत पायाखाली स्वच्छ कागद घातलेला असतो.

आवाज आला तर

अशा वेळी काय करावे, हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण नेमके इथेच लोक जिवावर बेततील अशा गोष्टी करतात.

पहिली गोष्ट, गाडी हळू करून रस्त्याच्या पूर्ण बाहेर, सपाट जागी घ्यावी आणि चारही बाजूंचे दिवे लुकलुकते ठेवावेत. महामार्गाच्या कडेला, पाय रस्त्याकडे करून गाडीखाली डोके घालणे कधीच करू नये. इंजिन बंद करावे, हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि सायलेन्सर पुरता निवेपर्यंत थांबावे. जॅक लावण्याची गरजच नसते. गुडघ्यावर बसून मोबाइलच्या दिव्याने पाहिले तरी पुष्कळ कळते.

पाहायचे ते हे. लोंबणारा भाग प्लास्टिकचा आहे की धातूचा? त्याची पुढची कड सुटली आहे की मागची? मागची कड सुटली तर तो फडफडतो, पण हळू गेल्यास गॅरेजपर्यंत पोचवतो. पुढची कड सुटली तर पत्र्याचे सूप होते. वारा आणि पाणी त्यात भरते आणि उरलेले बोल्ट एकामागून एक उपटले जातात. तशा अवस्थेत पुढे जाऊच नये. चाकाच्या कमानीतले अस्तर टायरला घासते आहे का? घासत असेल तर चाक पूर्ण वळवल्यावर ते टायरची बाजू कापत राहते, आणि टायरची बाजू म्हणजे त्याची सगळ्यात नाजूक जागा. शेवटी, कुठे ओले आहे का? पाण्याचा थेंब, बहुधा एसीचा, चालेल. काळे तेल किंवा रंगीत कूलंट दिसले तर प्रश्न पत्र्याचा राहिला नाही, चेंबरचा किंवा रेडिएटरचा झाला. तिथून गाडी चालवत नेऊ नये.

तात्पुरते बांधायचे तर प्लास्टिकला नायलॉनची लॉकपट्टी पुरते. सायलेन्सरच्या आसपास मात्र ती वितळते. तिथे बांधकामावरची बारीक तारच हवी. आणि बांधून झाल्यावर चाळीसच्या पुढे जाऊ नये. हे बांधणे गॅरेज गाठण्यापुरते असते, वर्षभर पुरवण्यासाठी नव्हे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट थोडी वेगळी. त्यांची बॅटरी बहुधा तळाशीच असते. तिथला पत्रा सुटला तर पाहावे जरूर, पण जाड नारिंगी तारांजवळ हात घालू नये. त्या उच्च दाबाच्या असतात. ते काम त्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाचेच.

फाटलेले भोक आणि रिकामे भोक

मध्यंतरी अंबाजोगाईला एका कार्यक्रमासाठी निघालो होतो. मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला लागल्यावर नेकनूरच्या पुढे ती फडफड सुरू झाली. आठवड्यापूर्वीच दूरच्या शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमधून गाडी आणली होती. केजच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडपुढे थांबलो. पन्नाशीचे गृहस्थ होते. हाताखालचा पोरगा त्यांना उस्ताद म्हणत होता, म्हणून मीही उस्तादच म्हणालो. त्यांनी खाली पोते अंथरले, पाठीवर निजून आत गेले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. हत्याराला हात नाही.

आतूनच म्हणाले, ‘‘साहेब, पडलं-बिडलं काही न्हाई. ह्याला कुणीतरी काढलं आन् नीट लावलंच न्हाई.’’

हे कशावरून, असे विचारले तर त्यांनी मलाच वाकायला लावले. डाव्या बाजूची दोन भोके गोल, स्वच्छ होती. उजव्या बाजूचे एक कडेपर्यंत फाटलेले होते. ‘‘मार लागून बोल्ट गेला का भोक फाटतंय. हे बघा, ही दोन रिकामी हायेत, फाटलेली न्हाईत. इथं बोल्ट बसवलाच न्हाई. मग सगळा भार इकडं आला, आन् हे फाटलं.’’ बँकेत असताना आम्ही खतावणीतली खाडाखोड अशीच वाचत असू, पण इतक्या कमी उजेडात नव्हे.

मी विचारले, नवाच पत्रा टाकायचा का? त्यावर ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, ‘‘कामून बदलायचा? फाटलंय तेवढं शिवू.’’

आणि त्यांनी तो खरोखरच शिवला. फाटलेल्या कडेच्या दोन्ही अंगांना तापल्या सळईने बारीक छिद्रे पाडली, तारेचे टाके घातले, वरून जुन्या प्लास्टिकचा तुकडा वितळवून भरला. भोकावर ॲल्युमिनिअमची पट्टी बसवली. रिकाम्या जागी दहाच्या पान्याचे बोल्ट आले आणि प्रत्येकाखाली रुंद वायसर, म्हणजे भार एका टोकावर न येता पसरावा. एका जागचे आटे गेले होते. तिथे बोल्ट जबरदस्तीने पिळण्याऐवजी नवी क्लिप लावली. तेल सोडायच्या भोकासमोर पट्टी येत नाही ना, हे पाहिले. मग पत्र्याला हाताने चारी बाजूंनी हिसके दिले, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिले, आणि पोराला गाडी समोरच्या गतिरोधकावरून दोनदा न्यायला लावली. आवाज नव्हता.

पाऊण तास लागला. त्यांनी तीनशे रुपये मागितले. सर्व्हिस सेंटरला फोन केला तेव्हा पलीकडचा तरुण नम्रपणे म्हणाला होता की पूर्ण ट्रेच बदलावा लागेल, भाग मागवावा लागेल आणि चार दिवस गाडी ठेवावी लागेल. तो खोटे बोलत नव्हता. त्याला शिवणे शिकवलेलेच नव्हते. त्याच्या संगणकात ‘बदलणे’ या कामाला क्रमांक होता, ‘सांधणे’ या कामाला नव्हता.

हा फरक एका गॅरेजचा नाही, एका व्यवस्थेचा आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा तो ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण मुद्दा नोंदला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. दिशा बरी आहे. केजच्या शेडपर्यंत ती पोचायची आहे.

विम्याचा हिशेब

‘विमा आहे ना, मग करा दावा’, हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. जन्म बँकेत गेल्यामुळे मला हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा, नव्या पत्र्याची किंमत २,४०० रुपये आहे. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात, राहिले १,२००. लहान इंजिनाच्या गाडीला, म्हणजे १,५०० सीसीपर्यंत, १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते. राहिले २००.

आता दुसरी बाजू. पाच वर्षे दावा न केलेल्या मालकाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सवलत मिळते. हा हप्ता ८,००० असेल तर तो ४,००० भरतो. एक दावा केला की पुढच्या वर्षी सवलत शून्यावर येते आणि ८,००० भरावे लागतात. म्हणजे दोनशे रुपये घेण्यासाठी चार हजार दिले, आणि सवलत पुन्हा पूर्ण व्हायला पाच वर्षे लागणार. घसारामाफीची किंवा सवलत राखण्याची जोड घेतली असेल तर आकडे बदलतील, पण लहान दुरुस्तीला विम्याकडे जाऊ नये हा निष्कर्ष बहुधा तोच राहील. चेंबर किंवा रेडिएटर फुटला असेल तर गोष्ट वेगळी. मात्र तेल गळत असताना तशीच गाडी दामटून इंजिन जाम केले, तर ते नुकसान द्यायला कंपनी सहजी तयार होत नाही.

कोणीच पाहत नाही

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ट्रक, टॅक्सी, रिक्षा यांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीला पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवताना काय ती तपासणी. मधल्या काळात सक्तीचे आहे ते पीयूसी, आणि त्यात नळी फक्त सायलेन्सरच्या तोंडात जाते. विम्याचा माणूस चार बाजूंचे फोटो काढतो. कर्ज देणारी बँक इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक जुळवते. मी स्वतः गहाण वाहनांच्या कित्येक पाहण्या केल्या आहेत. त्या छापील अर्जात ‘खालील बाजूची स्थिती’ असा रकाना नव्हता.

इतर देशांत असे नाही. ब्रिटनमध्ये १९६० पासून सक्तीची तपासणी आहे. आता गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तिला उचलून खालून पाहतात, आणि एखादा भाग निखळून पडण्याजोगा ढिला असेल तर गाडी नापास होते. जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी. आपल्याकडे उद्या तसे आले तर आरटीओच्या दारात आणखी एक रांग आणि आणखी एक दलाल उभा राहील, ही वाचकांची शंका मला मान्य आहे. पण शंका खरी म्हणून गरज खोटी ठरत नाही.

मात्र आपला कायदा अगदीच मुका नाही. त्याच कायद्याच्या १९० व्या कलमात म्हटले आहे की, ज्या दोषामुळे वाहन इतरांना धोकादायक ठरते असा दोष चालवणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, तर तो गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्या दोषाने अपघात होऊन कोणी जखमी झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘साधी काळजी घेतली असती तर कळला असता.’ कायद्याच्या भाषेत इतका घरगुती निकष क्वचित सापडतो. याचा अर्थ, ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरेसे नाही. रात्री महामार्गावर आपल्या गाडीचा काळा पत्रा काळ्या डांबरावर पडून राहतो. आपण पुढे निघून गेलेले असतो. आवाज बंद झाला म्हणून सुखावलेलेही असतो. मागून येत असते ती मोटारसायकल. तिच्यावर नवरा, बायको आणि मधे लेकरू. तिचा दिवा क्षीण असतो, डोक्यावर बहुधा हेल्मेट नसते. सुटलेल्या पत्र्याची खरी किंमत २,४०० रुपये नाही, ती ही आहे. आणि ती देणारा गाडीचा मालक नसतो.

पोत्यावर निजणारा माणूस

या सगळ्या रांगेत गाडीखाली जाणारा एकटा मिस्त्री. त्याच्याकडेही जरा पाहू. आपल्या तालुक्याच्या गावांत अजून कितीतरी गॅरेजांत ना लिफ्ट आहे, ना बांधलेला खड्डा. गाडीतलाच जॅक लावतात, एखादी वीट सरकवतात आणि माणूस खाली शिरतो. तो जॅक चाक बदलण्यापुरता केलेला असतो, त्याच्या भरवशावर माणसाने छाती ठेवण्यासाठी नव्हे. जमीन मऊ असेल, कोणी दार जोरात लावले, तर जॅक निसटतो. खड्डा असला तरी पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. तिथे बिडीची एक ठिणगीही नको.

उपाय फार मोठे नाहीत. जॅक स्टँडची एक जोडी, सुटी काढलेली चाके गाडीखाली आडवी ठेवण्याची सवय, डोळ्यांना चष्मा. थोडे मोठे काम करणाऱ्याला लिफ्ट. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज आहे. ते अशाच कारागिरांसाठी आहे. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगणे एवढेच की, गॅरेजवाल्याचा अर्ज आला तर त्याच्या हाताची काळी बोटे पाहून तो बाजूला ठेवू नका. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. उस्तादांच्या हाताखालच्या पोरांना तिथे जाता आले, आणि आयटीआयच्या पोरांना उस्तादांकडचे शिवणे शिकता आले, तर दोघांचेही भले होईल.

आणि आपण? आपण तीनशे रुपयांत घासाघीस करतो. ‘दोन बोल्ट तर लावले’, म्हणतो. बोल्टाची किंमत दहा रुपये असेल; तो कुठे नव्हता हे ओळखण्याची किंमत उरलेली आहे.

वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि गाळप हंगाम उरकल्यावर, गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढली की तिथल्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसू नये. खाली जाऊन उभे राहावे. बोल्ट मोजावेत, पत्रा हाताने हलवून पाहावा, अस्तर टायरपासून दूर आहे ना ते पाहावे, ओले कुठे आहे ते बोटाने पुसून पाहावे. सर्व्हिसिंगहून गाडी घेताना ‘खालच्या सगळ्या क्लिपा आहेत ना, दाखवा’ असे म्हणावे. एकदा म्हटले की पुढच्या वेळी त्या मोजून बसवल्या जातात. कपड्यांना थोडी धूळ लागेल. ती झटकता येते.